औलीचा बर्फ, जोशीमठची भिंत

जोशीमठच्या त्या घरात शिरल्यावर आईनं बूट काढले, पिशवी कोपऱ्यात टेकवली आणि सगळ्यात आधी हात लावला तो भिंतीला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी जमिनीकडे उतरली होती. फार रुंद नव्हती, करंगळीचं नख जेमतेम आत जाईल एवढी. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं आडव्या रेघा ओढलेल्या होत्या आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात तारीख होती. जानेवारी २०२३मधल्या तारखा चार-चार दिवसांच्या, पण रेघांमध्ये बोटबोट अंतर. पुढच्या तारखा महिन्या-महिन्यांच्या, आणि रेघा एकमेकींना खेटलेल्या. शेवटची रेघ ऑगस्टमधली. तिच्या पुढे भिंत कोरी होती.

आईनं त्या सगळ्या तारखा वरपासून खालपर्यंत वाचल्या. ती पाटण तालुक्यातली. २०२१च्या जुलैमध्ये आंबेघर, मीरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर उतरला, तेव्हा त्याच पट्ट्यात तिच्या माहेरची माणसं होती. डोंगर सुटायच्या आधी अंगणाला चीर पडते, झऱ्याचं पाणी गढूळ होतं, बांधावरची झाडं कलतात, हे तिला कुणी शिकवावं लागलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या घरमालकीणबाईंनी तिला तसं भिंतीपाशी वाकलेलं पाहिलं. आईच्याच वयाच्या, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेल्या. त्या म्हणाल्या, "डरो मत दीदी, अगस्त से वहीं रुकी है."

आम्ही निघालो होतो बर्फ बघायला. नऊ वर्षांच्या लेकीनं दोन वर्षं लावून धरलं होतं, की तिला बर्फावरून स्कीवर घसरायला शिकायचंय. मनाली, सोलंग, गुलमर्ग ही नावं आधी आली. पण मला गर्दी नको होती आणि आईला सोडून जायचं नव्हतं. सोबत अडुसष्ट वर्षांची बाई, नऊ वर्षांचं मूल, शिकण्यासाठी सौम्य उतार आणि रात्री शांतता, एवढ्याच अटी होत्या. औलीचं नाव एका गिर्यारोहक मित्रानं सुचवलं. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर, अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीवर पसरलेला हा उतार. बाजारपेठ नाही, मॉल रोड नाही. काही हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, देवदार आणि बांज यांचं जंगल, आणि समोर नंदादेवी.

जानेवारीत मात्र बेत मोडायची वेळ आली. २०२४चा तो हिवाळा कोरडा होता. हिमालयात हिवाळ्यातला बर्फ आणतात ते भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात, आणि डिसेंबर-जानेवारीत ते फिरकलेच नव्हते. गुलमर्गचे उतार तपकिरी पडल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येत होते, औलीतही तीच गत होती. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी आभाळ भरलं आणि पुढचे काही दिवस बर्फ पडला. आम्ही त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. हा रस्ता म्हणजे अलकनंदेच्या काठाकाठानं केलेला संगमांचा प्रवास. देवप्रयागला भागीरथी, रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. फेब्रुवारीत नद्यांचं पाणी उतरलेलं आणि हिरवंनिळं असतं. देवप्रयागला दोन रंगांच्या धारा बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसल्या. पण नजर नदीवर ठरत नव्हती. चारधाम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी कापलेले कडे जागोजाग ओले, सोललेले दिसत होते. ऋषिकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाचंही काम चालू होतं, आणि त्यातले शंभराहून अधिक किलोमीटर बोगद्यांतले आहेत. आई खिडकीशी बसून होती. मधूनच म्हणायची, "इथनं माती काढलीय, बघ. वरचा दगड आता कशावर बसणार?" रुद्रप्रयागला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जोशीमठला पोचलो. तो दिवस वसंत पंचमीचा होता. बदरीनाथाची कवाडं यंदा कधी उघडणार, ते याच दिवशी नरेंद्रनगरच्या राजवाड्यात जाहीर होतं. गावात शिरताना पहिली बातमी कानावर पडली ती तीच: बारा मे.

संध्याकाळी नृसिंह मंदिरात गेलो. हिवाळ्यात बदरीनाथ बर्फाखाली असताना आदि शंकराचार्यांची गादी इथे येऊन राहते. नृसिंहाच्या मूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत चालला आहे आणि ज्या दिवशी तो गळून पडेल त्या दिवशी नर आणि नारायण पर्वत एकमेकांवर कोसळतील, बदरीनाथाची वाट कायमची बंद होईल, मग देव भविष्य बदरीला राहायला जाईल, अशी इथली श्रद्धा आहे. ही गोष्ट मी आधी वाचली होती. त्या गाभाऱ्यासमोर, पायाखालचं गाव खचत असताना ती ऐकणं फार वेगळं होतं. ज्यांनी ही कथा रचली त्यांना हे डोंगर आतून माहीत होते, असं मला तिथे उभं राहून वाटलं आणि अजून वाटतं.

जोशीमठ उभं आहे ते कातळावर नाही. फार पूर्वी वरून कोसळलेल्या दरडीच्या ढिगाऱ्यावर, माती आणि मोठमोठ्या धोंड्यांच्या मिश्रणावर हे गाव वसलं. १९७६ साली गढवालचे आयुक्त मिश्रा यांच्या समितीनं हे स्पष्ट लिहून ठेवलं होतं. उतारावरचे धोंडे हलवू नका, झाडं तोडू नका, जड बांधकामं करू नका, सांडपाण्याचा निचरा नीट करा. पुढच्या साडेचार दशकांत गाव दाट होत गेलं, चार-पाच मजली हॉटेलं उभी राहिली, खालच्या अंगाला जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा खोदला गेला. आणि घरोघरचं सांडपाणी बहुतेक ठिकाणी शोषखड्ड्यांतून त्याच ढिगाऱ्यात मुरत राहिलं. २०२३च्या जानेवारीच्या सुरुवातीला मारवाडी भागात जमिनीतून गढूळ पाण्याचा लोंढा फुटला आणि गावभर भिंती तडकल्या. इस्रोच्या उपग्रहांच्या नोंदींत बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर जमीन खचलेली दिसली. आठशेंहून अधिक इमारतींना तडे गेले. राहायला धोकादायक ठरलेल्या घरांवर लाल फुल्या मारल्या गेल्या, आणि एकमेकांकडे झुकलेली दोन हॉटेलं पाडावी लागली.

आमच्या घरमालकीणबाईंच्या घरावर फुली नव्हती. तपासणीला आलेल्या माणसांनी भिंत पाहिली आणि राहायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पण पेन्सिल त्यांनी स्वतः हातात घेतली. त्यांची धाकटी जाऊ शंभर पावलांवर राहायची. तिच्या घरावर फुली आली आणि ते कुटुंब देहरादूनला भाड्याच्या खोलीत गेलं.

त्या रात्री जेवायला वाफाळती डाळ आणि काळसर भाकरी होती, वर घरचं तूप. आईनं पहिला घास घेतला आणि थांबली. "अगं, हे तर कुळीथ!" इथे त्याला गहत म्हणतात. भाकरी मंडुव्याची, म्हणजे आपली नाचणी. आई उठून सरळ स्वयंपाकघरात गेली. तिचं हिंदी मराठीच्या वळणानं जातं आणि त्या बाईंचं गढवालीच्या. पण कुळीथ रात्रभर भिजवायचे की भाजून भरडायचे यावर दोघी तासभर बोलत होत्या. आईनं सोबत आणलेल्या मेतकुटाची पुडी तिथेच सोडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकमेकींना दीदीच म्हणत होत्या.

औलीला जायचा रस्ता जोशीमठच्या सुनील या वस्तीतून वर चढतो. पूर्वी बहुतेक पाहुणे रज्जुमार्गानं जायचे. जोशीमठपासून औलीपर्यंत सुमारे चार किलोमीटर, दहा मनोरे, खाली बांजाचं जंगल. जानेवारी २०२३मध्ये जमीन हलू लागल्यावर तो थांबवला आणि आम्ही गेलो तेव्हा बंदच होता. वळणावळणानं चढताना त्याचे दोर डोक्यावर तसेच ताणलेले दिसत होते. लेकीनं विचारलं, पाळणा कुठे गेला? ड्रायव्हर म्हणाला, नीचे खड़ा है, पहाड़ का मूड देख रहा है. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. रज्जुमार्ग थांबल्यावर रस्त्यावरची वाहतूक वाढली, त्याला भाडी मिळाली. पण त्याचं स्वतःचं घरही सुनीलमध्येच होतं.

बाराएक किलोमीटरनंतर एका वळणावर देवदारांखालचा पहिला बर्फ दिसला. मळकट, काडीकचरा साचलेला. आणखी दोन वळणं, आणि मग सगळंच पांढरं झालं. लेक गाडीतून उतरली, हातमोजा काढून तिनं ओंजळभर बर्फ उचलला आणि तो हातात धरून कितीतरी वेळ काही न बोलता उभी राहिली. गढवालीत बर्फाला 'ह्यूं' म्हणतात, हे तिला त्याच दिवशी कळलं. पुढचे सगळे दिवस तिनं दुसरा शब्द वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकणं सुरू झालं. आमचा शिक्षक पंचविशीतला, शेजारच्याच गावातला. औलीतच सरकारी पर्यटन निगमाच्या वर्गात तो स्की शिकला होता. सात दिवसांचा आणि चौदा दिवसांचा, असे वर्ग तिथे भरतात. इथल्या उतारावर भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवानही शिकतात. २०११मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतल्या स्कीच्या स्पर्धा इथेच झाल्या. तेव्हा हा मुलगा शाळेत होता आणि झाडावर चढून त्यानं त्या पाहिल्या होत्या. लेक त्याला पहिल्या तासापासून भैजी म्हणायला लागली.

स्कीचा बूट हा बुटासारखा नसतोच. कडक, जड, आणि घोटा पुढे कलता ठेवणारा. तो घालून सरळ उभं राहताच येत नाही, गुडघे आपोआप वाकतात. आधी पुढचा पंजा खोबणीत अडकवायचा, मग टाचेनं जोर द्यायचा. खट् असा आवाज झाला की आपण एका लांब पट्टीला जखडलो जातो. पडताना पाय पिरगळू नये म्हणून ही पकड ठरावीक जोर बसला की आपली आपण सुटते. किती जोरानं सुटावी, ते माणसाच्या वजनानुसार फिरवून ठेवतात. शिक्षकानं लेकीला आणि मला वेगवेगळं वजन विचारलं, स्क्रू फिरवले, मग दोघींचे पाय हलवून पाहिले. ज्या निगुतीनं त्यानं ते केलं त्यावरून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पहिला दिवसभर आम्ही फक्त पडायला आणि उठायला शिकलो. पडायचं ते बाजूला, चढाच्या अंगाला. उठताना दोन्ही पट्ट्या उताराला आडव्या करून खालच्या बाजूला घ्यायच्या, नाहीतर उठता उठताच घसरतो. वर जायला आम्हा नवशिक्यांना पाळणा नाही. खेकड्यासारखं आडवं, पट्टीच्या कडा बर्फात रोवत एकेक पाऊल चढायचं. वीस मीटर चढायला पाऊण तास आणि खाली यायला काही सेकंद. उंचीमुळे दम लागायचा. सोबत आलेल्या माझ्या नवऱ्यानं दुपारी बूट काढले आणि तो आईच्या सोबतीला गेला. लेकीनं मात्र एकदाही थांबू म्हटलं नाही.

थांबायला शिकवलं दुसऱ्या दिवशी. दोन्ही पट्ट्यांची टोकं एकमेकींजवळ आणायची, टाचा बाहेर फाकवायच्या. वरून पाहिलं तर घराच्या छपराचा आकार होतो. "छप्पर बनाओ, गुड़िया, छप्पर!" शिक्षक खालून ओरडायचा. छप्पर रुंद केलं की वेग कमी, अरुंद केलं की जास्त. अवघड जातं ते वजन पुढे ठेवणं. उतार दिसला की शरीर आपसूक मागे रेलतं, आणि मागे रेललं की पट्ट्यांची टोकं उचलली जातात, मग त्यांना वळवता येत नाही आणि वेग वाढतच जातो. म्हणजे ज्या क्षणी भीती वाटते नेमकं त्याच क्षणी खालच्या दिशेला झुकायचं असतं, नडगी बुटाच्या जिभेवर दाबत. मला हे तीन दिवस जमलं नाही. चौथ्या दिवशी चार वळणं सलग जमली. तेव्हा पट्ट्यांखालून जो बारीक, रेशमी सळसळीचा आवाज आला तो मी कधी विसरणार नाही.

बर्फ दिवसभर एकसारखा राहत नाही हेही तिथे समजलं. रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे सकाळी वरचा थर काचेसारखा कडक असतो, कडा रुततच नाहीत. दहाच्या सुमाराला ऊन चढलं की तो मऊ होतो, दोन-तीन तास उत्तम. दुपारनंतर ओला आणि जड होतो, पट्ट्या अडकतात आणि गुडघ्यांना ताण बसतो. आमचा शिक्षक सकाळी उठून बुटाच्या टाचेनं बर्फ ठोकून बघायचा आणि मग वर्गाची वेळ ठरवायचा. उताराच्या वरच्या अंगाला एक कृत्रिम तळं आहे. बर्फ कमी पडला तर त्याचं पाणी यंत्रांनी फवारून बर्फ बनवायचा म्हणून ते बांधलं. पण त्यालाही हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते. २०२३च्या फेब्रुवारीत इथल्या आंतरराष्ट्रीय शर्यती बर्फाअभावी रद्द झाल्या. शिक्षक म्हणाला, लहानपणी दिवाळीनंतर लगेच गाव पांढरं व्हायचं, आता जानेवारीभर आम्ही आभाळाकडे बघत बसतो. त्याची वर्षाची कमाई या आठ-दहा आठवड्यांची. उन्हाळ्यात तो कुआँरी खिंडीच्या वाटेवर सामान वाहतो.

आईचे दिवस वेगळे गेले. भाड्याचे गमबूट, दोन स्वेटर, डोक्यावर शाल अशी ती सकाळी टपरीपाशी उन्हात बसायची. टपरीवाली नीती खोऱ्यातली. तिच्या गावातली सगळी माणसं हिवाळ्यात खाली येतात आणि बर्फ वितळला की जनावरांसकट परत वर जातात. तिच्याकडून आईनं लोकरीच्या चार टाक्यांची नवी वीण शिकून घेतली. एका दुपारी आम्ही तिला खुर्चीच्या पाळण्यात बसवलं. सुमारे आठशे मीटरचा तो पाळणा, पाय मोकळे लोंबते, खाली पांढरा उतार. ती बसली, दांडा घट्ट धरला, आणि वर जाईपर्यंत एकदाही खाली पाहिलं नाही. वर पोचून मागे वळली तेव्हा समोर नंदादेवी पूर्ण उघडी होती.

७८१६ मीटर. पूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर. १९३४मध्ये शिप्टन आणि टिलमन ऋषीगंगेच्या घळीतून वाट काढत तिच्या पायथ्याच्या बंदिस्त खोऱ्यात शिरले, आणि १९३६मध्ये टिलमन आणि ओडेल माथ्यावर पोचले. आता ते खोरं माणसांसाठी बंद आहे. हे मी आईला सांगत होते. टपरीवाल्या बाईनं तिला आधीच दुसरं सांगितलं होतं, आणि ते जास्त महत्त्वाचं होतं. नंदा ही गढवालची लेक. तिचं सासर कैलासावर. साधारण बारा वर्षांनी तिची राजजात यात्रा निघते, तेव्हा गावोगावच्या बाया तिला वाटेला लावायला येतात आणि मुलगी सासरी जाताना रडावं तशा रडतात. मागची राजजात २०१४ साली झाली. आईनं हात जोडले. "म्हणजे आपल्या गौरीच," ती म्हणाली. भाद्रपदात तीन दिवस माहेरी आलेल्या गौरीला निरोप देताना तिचा आवाज जसा होतो तसाच आवाज होता.

त्याच जागेवरून ऋषीगंगेच्या खोऱ्याची दिशा दाखवत शिक्षक म्हणाला, तिथे रैणी. १९७४च्या मार्चमध्ये गौरादेवी आणि त्यांच्या गावच्या बायका झाडांना कवटाळून उभ्या राहिल्या ते रैणी. आणि २०२१च्या ७ फेब्रुवारीला वरच्या कड्यावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटून खाली आला तेही त्याच खोऱ्यात. ऋषीगंगेवरचा वीजप्रकल्प वाहून गेला, तपोवनच्या बोगद्यात माणसं अडकली, दोनशेहून अधिक जण गेले किंवा सापडलेच नाहीत. शिक्षकाच्या वर्गातला एक मुलगा तिथे कामाला होता. एवढं सांगून तो लेकीच्या बुटाची पट्टी आवळायला खाली बसला.

औलीतल्या चौथ्या रात्री बर्फ पडला. जेवणं उरकली, दिवे गेले, आणि काही वेळानं जाणवलं, की कुठूनच काही ऐकू येत नाहीये. कुत्री नाहीत, पाण्याचा आवाज नाही, वाराही नाही. ताज्या बर्फाच्या पाकळ्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि ती आवाज पिऊन टाकते. शास्त्र एवढंच. पण मी आजवर अशा शांततेत बसले नव्हते. पाऊस आपल्याला आवाजावरून कळतो, बर्फ आवाज गेल्यावरून कळतो. आई जागी होती. सातारच्या घरात पावसाच्या रात्री ती अशीच जागी असते, कौलांवरचा आवाज ऐकत. त्या रात्री ऐकायला काही नव्हतं, तरी ती उठून दोनदा खिडकीशी गेली.

सकाळी देवदारांच्या फांद्या वजनानं वाकलेल्या होत्या. एखादी फांदी अचानक मोकळी व्हायची आणि पांढरा धूर उडायचा. आम्ही चौघं शिक्षकाबरोबर गोरसों बुग्यालच्या वाटेवर जंगलाच्या कडेपर्यंत चालत गेलो. बुग्याल म्हणजे उंचावरची कुरणं. बर्फाखाली झोपलेली, जूनमध्ये फुलांनी भरणारी. कासच्या पठारावर एक पाय चुकीचा पडला तर किती फुलं चिरडली जातात, हे आम्हा सातारकरांना ठाऊक आहे. म्हणून २०१९च्या जूनमधली गोष्ट इथे येऊन पुन्हा आठवली आणि राग आला. तेव्हा औलीत एक भव्य लग्न झालं. प्रकरण नैनीतालच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पाहुणे गेल्यावर मागे टनांनी कचरा उरला आणि तो गोळा करायला स्थानिकांना कितीतरी दिवस लागले. पायाखालच्या कुरणाला पाहुणे कोण आणि यजमान कोण हे कळत नाही, वजन तेवढं कळतं.

इथे यावं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते. तो मी जोशीमठच्या दीदींनाही विचारला, परतीच्या मुक्कामात. त्यांनी हातातलं पीठ मळायचं थांबवलं नाही. २०२३च्या हिवाळ्यात एकही पाहुणा आला नव्हता. टीव्हीवर गाव बुडाल्यासारखं दाखवत होते. टॅक्सीवाले, स्की शिकवणारी मुलं, टपऱ्या, सगळे रिकामे बसले. काही पोरं तेव्हा दिल्लीला गेली ती परत आली नाहीत. "आओ, लेकिन हल्के पाँव आओ," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता असा लावला, की पाच मजली इमारतीत उतरायचं नाही. कमी खोल्यांच्या, जुन्या घरात राहायचं. त्या घरात आम्ही चौघांनी आंघोळीला मिळून दोन बादल्या पाणी वापरलं. ते पाणी कुठे मुरतं हे पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, आणि त्यानंतर जास्त ओतायला हात धजत नव्हता.

औलीतल्या शेवटच्या सकाळी लेक वरच्या झाडापासून खालच्या टपरीपर्यंत न पडता आली. शिक्षक तिच्या पुढे उलटा घसरत होता, हात पसरून. पहिल्या दोन वळणांवर तिचं छप्पर फार रुंद होतं, ती जवळजवळ थांबलीच. मग एकाएकी तिचे खांदे सैल झाले, गुडघे पुढे आले आणि ती सरळ आली. आई टपरीसमोर विणकाम मांडीवर ठेवून उभी राहिली होती. लेक तिच्या पुढ्यात येऊन थांबली, धापा टाकत, गाल लालबुंद. आईनं तिच्या टोपीवरचा बर्फ झाडला आणि विचारलं, "भ्यालीस का गं?" ती म्हणाली, "हो, पण पुढे झुकले."

निघताना दीदींनी किलोभर गहत फडक्यात बांधून दिलं. आईनं त्या भिंतीपाशी जाऊन शेवटची रेघ पुन्हा एकदा बोटानं चाचपली. आम्ही परतल्यानंतर काही महिन्यांनी तहसिलीचं नाव अधिकृतपणे ज्योतिर्मठ झालं. आई अजून जोशीमठच म्हणते.

त्या कुळथाचं पिठलं आमच्याकडे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. त्यानंतर दर महिन्याला दोघींचा फोन असतो. आई हालहवाल विचारायच्या आधी विचारते, "रेघ?" पलीकडून उत्तर येतं, "वहीं है, दीदी." मग गप्पा सुरू होतात. जुलैमध्ये पाटणकडे चार दिवस पाऊस थांबला नव्हता, तेव्हा फोन पहिल्यांदा तिकडून आला. मी भाजी निवडत होते. आई स्पीकरवर बोलत होती. "दीदी, टीव्ही पर देखा, आपके उधर बहुत बारिश है. आपका पहाड़ ठीक है ना?" आई काही बोलली नाही. फोन तसाच हातात धरून ती मागच्या दारात गेली आणि पावसापलीकडे, डोंगराच्या दिशेला बघत उभी राहिली. मग म्हणाली, "रुको, भाई को फोन करके बताती हूँ."